मदत हवी आहे: राजपुत्र अल्फान्सोच्या बालपणाविषयी
नमस्कार. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड आणि राणी एलिनॉर यांचा मुलगा अल्फान्सो (1273–1284) याच्यावर मी लेख लिहीत असून त्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे. बायोन (आजच्या नैर्ऋत्य फ्रान्समधील शहर) येथे जन्मलेल्या या मुलाचे नाव त्याच्या मामाच्या, म्हणजे कॅस्टिलचा (आजच्या स्पेनमधील एक राज्य) राजा दहावा अल्फान्सो याच्या, नावावरून ठेवले होते. थोरला भाऊ हेन्री 1274 मध्ये वारल्यावर तो गादीचा वारस ठरला, परंतु धाकटा भाऊ एडवर्ड जन्मल्यावर चारच महिन्यांत, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, त्याचाही अंत झाला. हॉलंडच्या काउंटच्या मुलीशी ठरलेल्या त्याच्या विवाहासाठी एक सचित्र स्तोत्रग्रंथ तयार होत होता, तो त्याच्या मृत्यूच्या वेळी अपुराच होता. त्या ग्रंथाच्या एका पानाच्या समासात इंग्लंड व हॉलंड यांची राजचिन्हे आणि भोवती ओळखू येतील इतके हुबेहूब पक्षी रंगवलेले आहेत. ते पाहताना मन फार हेलावते.

त्याचे शिक्षण, त्याचे सेवक आणि दाया यांची माहिती राजघराण्याच्या हिशेबवह्यांत कोठे मिळेल, आणि त्या लॅटिन नोंदींचे भरवशाचे इंग्रजी भाषांतर कोणते, हे कृपया कोणी सांगावे.