एस फेजनंतर क्रोमोझोम ४६च कसे?

प्रश्न: पेशी विभागायच्या आधी एस फेजमधे डीएनए डबल होतो ना, मग माणसाच्या पेशीत ४६ चे ९२ क्रोमोझोम (गुणसूत्रं) का नाही म्हणत? दोन दिवस इथेच अडकलोय.

उत्तर १: अरे सेंट्रोमिअर (क्रोमोझोमवरची जोडाची जागा) मोजायचे, कॉपी झाली तरी दोन्ही क्रोमॅटिड (म्हणजे त्या दोन सारख्या प्रती) तिथे चिकटलेलेच असतात म्हणून तो एकच धरतात, अ‍ॅनाफेजला (विभाजनाच्या एका टप्प्याला) ते सुटून दोन टोकांकडे ओढले जातात तेव्हा थोडा वेळ खरंच ९२ होतात आणि पेशी विभागली की परत ४६-४६.

उत्तर २: बरोबर. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड बघ, बहुतेक पेशी इंटरफेजमधेच (दोन विभाजनांच्या मधल्या काळात) दिसतील, कारण खरा वेळ तयारीतच जातो. जी२ मधे (एस फेजनंतर, विभाजनाच्या आधी) कॉपी नीट झालीय का तेही तपासलं जातं, मला तोच भाग सगळ्यात भारी वाटतो.

प्रश्नकर्ता: म्हणजे मेटाफेजला (प्रती सुटायच्या आधीच्या टप्प्याला) मधोमध रांगेत क्रोमोझोम ४६, पण क्रोमॅटिड ९२?

उत्तर १: हो, अगदी.