पिवळे दात हा आजार नव्हे
हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याचे दात पिवळे दिसले की कॅल्शियमचं औषध सुरू करा, असा सल्ला एकाने दिलाय. कृपया तसं करू नका. पूर्ण वाढ झालेल्या हॅमस्टरचे पुढचे दात पिवळे-नारिंगीच असतात. उलट पांढरे, ठिसूळ झाले तर काळजी करायची.

आमच्याकडे सांगलीत वेगळंच झालं. आमचा हॅमस्टर गोलू दाणे गालात भरून ठेवायचा, त्यामुळे तो खातोय असंच आम्हाला वाटत राहिलं. हनुवटी सतत ओली दिसायला लागली म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, तर १३० ग्रॅमचा ११२ भरला! खालचे पुढचे दात वाढून आत वळले होते. हे दात जन्मभर वाढतच असतात. डॉक्टरांनी ते कापले. घरी नेलकटर लावू नका, दात उभा चिरतो. आता दर रविवारी त्याचं वजन वहीत लिहितो.