क्लायंटच्या सरबराईवर एवढा खर्च करावा का?

भोसरीवाला:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत मशिनिंगचं छोटं युनिट आहे, मालक दुसरे, मी सेल्स बघतो आणि माणूस कमी म्हणून अकाउंट्सचंही थोडंफार माझ्याच गळ्यात आहे. गेल्या महिन्यात मालकांनी क्लायंटच्या परचेसमधल्या तिघांना गोव्याला नेलं, विमानाने, तीन रात्री, समुद्राकडच्या रूम, आणि त्यातल्या एकाची बायको-पोरं पण. बिल माझ्या टेबलावर आलं, 3 लाख 80 हजार. एका रात्रीचा नुसता बारच 41 हजार. कुठल्या हेडला टाकू विचारायला गेलो तर म्हणाले बिझनेस प्रमोशनला टाक आणि तोंड वाकडं करू नकोस, धंदा असाच होतो. त्याच आठवड्यात सेटर लोकांचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यावर ढकललाय. माझे वडीलही धंदा करायचे, त्यांचा पाहुणचार म्हणजे चहा-खारी, फारच मोठी पार्टी असेल तर मिसळ. मीच जुन्या वळणाचा आहे का?

फिरस्ता सेल्सवाला:
राग मानू नकोस भावा, पण तू खुर्चीत बसून बोलतोयस. मी 22 वर्षं मशिनी विकतोय. इमटेक्सला, म्हणजे मशिनींच्या प्रदर्शनाला, बंगळुरात दिवसभर स्टॉलवर माणसं येतात, ब्रोशर आणि पिशवी घेऊन जातात, कोणी काही बोलत नाही. रात्री जेवायला बसलं की तोच माणूस सांगतो की आमची खरी बोंब स्पिंडलची नाहीये, कापलेल्या धातूच्या चिप्स अडकतात आणि रात्रपाळीत बघायला कोणी नसतं. हे मेलवर कधीच येत नाही, आणि त्या एका वाक्यावर मी ऑर्डर काढलीये. प्रवासाचंही तेच, लोकांना बिझनेस क्लास म्हटलं की पोटात दुखतं, रात्रभर इकॉनॉमीत गुडघे दुमडून फ्रँकफर्टला उतरा आणि सकाळी 10 ला जर्मन माणसासमोर रेटवर घासाघीस करून दाखवा मग बोलू. बाकी ते बायको-पोरांचं मात्र जास्तच झालं, ते मी पण केलं नसतं.

आकडेमोड (सीए):
हेड काहीही टाका, तेवढ्याने सुटका नाही. जुलै 2022 पासून इन्कम टॅक्समध्ये 194आर कलम आलं. धंद्यातल्या पार्टीला वर्षात 20 हजारांच्या वर लाभ दिला, मग तो रोख असो की वस्तूत, की 10 टक्के टीडीएस. आणि तो त्या साहेबाच्या पॅनवर नाही, त्याच्या कंपनीच्या पॅनवर. म्हणजे त्यांच्या अकाउंट्सवाल्याला 26एएसमध्ये, म्हणजे टॅक्स खात्याकडच्या टीडीएसच्या यादीत, तुमच्या फर्मचं नाव दिसणार आणि तो विचारणार की हे कसले पैसे. मालक म्हणतील कॉन्फरन्स दाखवू. दाखवा ना, पण खरंच नवीन प्रॉडक्ट समजावायला बोलावलं असेल तरच ते चालतं, फिरायचा भाग आणि घरच्यांचा खर्च तिथेही लाभच धरतात. जीएसटीचं तर विचारूच नका, जेवणावरच्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, हॉटेल गोव्यातलं म्हणजे टॅक्स गोव्याचा आणि तुमची नोंदणी महाराष्ट्रात, तेही गेलं, आणि दारू जीएसटीत नाहीच. मी अशा वेळी एकच प्रश्न विचारतो, ही एंट्री समोरच्या कंपनीच्या मालकाला दिसली तर चालेल का? एका क्लायंटला विचारलं तर तो दोन मिनिटं पंख्याकडेच बघत बसला.

बॅगवाला एमआर:
आमच्या औषधांच्या लाइनमध्ये हे सगळं होऊन गेलंय. फेब्रुवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने अपेक्स लॅबोरेटरीजच्या केसमध्ये सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या फ्रीबीजचा खर्च इन्कम टॅक्समध्ये वजा मिळणार नाही, शेवटी ते पैसे औषधाच्या किमतीतूनच निघतात. मग मार्च 2024 ला औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची नवीन आचारसंहिता, यूसीपीएमपी, आली, डॉक्टरांना आणि घरच्यांना प्रवास-हॉटेल बंद (स्पीकर म्हणून बोलावलं तर वेगळं), परदेशातली सीएमई (डॉक्टरांची शिक्षण-शिबिरं) बंद, आठवण म्हणून द्यायची वस्तू 1000 रुपयांच्या आतली. कागदावर तरी बंद. आता मी पेन आणि टेबल कॅलेंडर घेऊन फिरतो, जुने डॉक्टर हसतात.

टेबलापलीकडचा:
मी परचेसमध्ये आहे, म्हणजे ज्यांना गोव्याला नेतात त्यातला. आमच्या कंपनीत दिवाळीचा डबासुद्धा रिसेप्शनला जमा करावा लागतो म्हणून मी जात नाही, उगाच साधू असल्याचा आव नाही आणत. पण गुपित सांगतो, सप्लायर उडवायला लागला की आम्हाला पहिलं काय कळतं माहितीये? रेटमध्ये अजून जागा आहे. पुढच्या बैठकीत 3 टक्के खाली मागायचे हे तिथेच, त्याच्याच ग्लासावर ठरतं. वर्षभर लाइनवर माल कमी पडू दिला नाही आणि पीपीएपीचे, म्हणजे पार्टच्या मंजुरीचे, कागद वेळेवर आले तर त्या सप्लायरला कोणी हात लावत नाही, त्याने वडापाव खाऊ घातला तरी. आणि भोसरीवाले, तुमचं पेमेंट किती दिवसांनी येतं?

भोसरीवाला:
90 दिवसांनी.

टेबलापलीकडचा:
मग उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का बघा. मायक्रो-स्मॉल असाल तर 45 दिवसांच्या वर त्यांना पेमेंट थांबवता येत नाही, थकवलं तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च त्यांच्याच रिटर्नमध्ये वजा होत नाही. मार्च जवळ आला की आमचा फायनान्सवाला स्वतःहून फोन करतो सप्लायरला. तुम्ही आपलेच पैसे अडकवणाऱ्याला वर बीचवर नेताय.

भोसरीवाला:
सीए साहेबांचा प्रश्न आज मालकांना विचारलाच. काही बोलले नाहीत, फाइल ठेव म्हणाले. दुपारी ओव्हरटाइमची शीट मागवून सही केली, शनिवारी देऊन टाक म्हणाले. मला वाटलं पटलं बहुतेक. मग जाताना दारातून मागे वळून विचारतात, त्या महाबळेश्वरच्या रूम माझ्या स्वतःच्या कार्डवर घेतल्या तर नाही ना दिसणार तिकडे?