औषधांची 'वापसी', 'परतावा' की 'माघार'?

प्रश्न (अनुवादक, धरमपेठ): औषध कंपनीच्या कार्यपद्धतीचं मराठी करते आहे. दुकानांतून कंपनीकडे परत येणाऱ्या मालाला 'परतावा' म्हणावं का? हा शब्द वाचला की गुंतवणुकीवरचं उत्पन्न डोळ्यांपुढे येतं.

ठोक विक्रेता, गंजीपेठ: ताई, आमच्या दवा बाजारात 'वापसी' म्हणतात, नाहीतर सरळ 'रिटर्न'. 'परतावा' पैशांसाठी ठेवा, म्हणजे क्रेडिट नोट (परत दिलेल्या मालाची रक्कम जमा केल्याची चिठ्ठी) मिळते तिथे. खोक्यासोबत यादी जाते: औषधाचं नाव, बॅच नंबर (एकत्र तयार झालेल्या मालाचा क्रमांक), मुदत, नग आणि कारण. एक्स्पायरी, ब्रेकेज, चुकीचा माल, तक्रार, जे असेल ते. मुदत संपलेला माल उचलला जाईपर्यंत वेगळा ठेवून खोक्यावर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक लिहावं लागतं. १९४५ च्या औषध नियमांतच ते आहे.

गुणवत्ता विभाग, हिंगणा: त्या यादीतला कारणाचा रकाना कंपनीला सगळ्यात मोलाचा. एका भागातून एकाच बॅचची एक्स्पायरी सतत येऊ लागली, तर तिथे खपापेक्षा जास्त माल ढकलला गेला हे उघड होतं आणि पुढचं वाटप कमी करता येतं. पण त्याच बॅचच्या गोळ्यांचा रंग बदलला म्हणून चार शहरांतून तक्रारी आल्या, तर राखून ठेवलेले नमुने काढून तपासतात. दोष निघाला तर उरलेली बॅच बाजारातून परत मागवतात. म्हणून दोन शब्द हवेतच: दुकानदार पाठवतो ती वापसी, कंपनी बोलावते ती माघार. दोन्ही एकाच शब्दात घातल्या तर वाचणाऱ्याला घाई कशाची ते कळणार नाही. जिवाला धोका असेल तेव्हा विक्री थांबवायला २४ तास, फार तर ७२ तास मिळतात.

धरमपेठ: आता क्यूआर कोड आहे ना, मग माल कुठे आहे ते लगेच कळत असेल?

हिंगणा: १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर तो सक्तीचा आहे. त्यात बॅच, मुदत, उत्पादन परवाना सगळं असतं. पण ती बॅच कोणत्या स्टॉकिस्टकडे (कंपनीचा माल साठवून दुकानांना देणाऱ्याकडे) किती गेली हे बिलांच्या नोंदींवरूनच काढावं लागतं. बिलावर बॅच नंबर चुकला की माघार तिथेच अडते.

धरमपेठ: छान कळलं. आणि एक्स्पायरी झालेलं 'कालबाह्य' की 'मुदतबाह्य'?

गंजीपेठ: मुदतबाह्य. कालबाह्य म्हणजे चलनातून गेलेलं, त्याची मुदत अजून बाकी असू शकते.