शब्दचर्चा: रेंडर पास म्हणजे थर, फेरी की घटक?

प्रश्न: आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशन, म्हणजे इमारतींची संगणकावर चित्रं करणं, शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितो आहे. 'रेंडर पास'साठी, म्हणजे संगणकाने तयार केलेल्या (रेंडर केलेल्या) चित्राचा जो एकेक हिस्सा वेगळा काढतात त्यासाठी, 'थर' लिहिलंय, कारण शेवटी फोटोशॉपमध्ये पास एकावर एक ठेवूनच काम होतं. सहकारी म्हणतात, थर म्हणजे लेयर, पास नव्हे. काय वापरावं? आणि हे पास जोडून पूर्ण चित्र करण्याला, म्हणजे कॉम्पोझिटिंगला, काय म्हणता?

प्रतिसाद: सहकाऱ्यांचं बरोबर आहे. लेयरमध्ये वस्तू वेगळ्या होतात: इमारत एकीकडे, झाडं दुसरीकडे. पासमध्ये त्याच चित्रातला प्रकाश वेगळा होतो. काचेची खिडकी घ्या. डिफ्यूज पासमध्ये (पृष्ठभागाचा स्वतःचा रंग) काच जवळजवळ काळी दिसते. तिच्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब रिफ्लेक्शन पासमध्ये असतं आणि आतली खोली रिफ्रॅक्शन पासमध्ये. तिन्ही एकाच पिक्सेलचे हिस्से, कोणी कोणाला झाकत नाही. 'थर' म्हटलं की वरचा खालच्याला झाकणार हे मनात येतंच, आणि नवा विद्यार्थी नॉर्मल मोडवर ओपॅसिटी कमीजास्त करत बसतो. करायची असते बेरीज. म्हणून मी 'घटक' लिहितो. व्ही-रे आणि कोरोना या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्येही 'रेंडर एलिमेंट'च म्हणतात.

बेरीज हा शब्दही अगदी शब्दशः घ्यायला सांगा. एका खोलीत दोन दिवे आहेत, प्रत्येकाचा पास वेगळा काढलाय, आणि भिंतीवरच्या एका बिंदूची किंमत दोन्हींत १२८ आहे. ८ बिटच्या नेहमीच्या एसआरजीबी (पडद्यावर दाखवण्यासाठीच्या रंगपद्धतीतल्या) फाइलमध्ये ॲड केलंत तर १२८ अधिक १२८, म्हणजे २५५ या कमाल किमतीच्या पलीकडे, भिंत पांढरीफट्ट. हीच बेरीज लिनियरमध्ये (जिथे आकडा प्रकाशाच्या प्रमाणात असतो) करून परत एसआरजीबीत आणली की उत्तर १७६ च्या आसपास येतं आणि भिंत भिंतीसारखी दिसते. म्हणून पास ईएक्सआर या लिनियर किमती साठवणाऱ्या फाइलमध्ये काढायचे, फोटोशॉप ३२ बिटवर ठेवायचं आणि मोड 'लिनियर डॉज (ॲड)' घ्यायचा. स्क्रीन मोड दिसायला जवळचा वाटतो, पण ती बेरीज नव्हे. सगळे घटक मिळून मूळ ब्युटी रेंडर (पास न काढलेलं पूर्ण चित्र) तंतोतंत परत आलं पाहिजे. ते आल्याशिवाय एकाही पासला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद: मुळाशी जायचं तर 'फेरी' बरोबर ठरेल. चित्रपटात तीच फिल्म कॅमेऱ्यातून किंवा ऑप्टिकल प्रिंटरमधून पुन्हा पुन्हा चालवत, आणि त्या प्रत्येक चालवण्याला पास म्हणत. पण आज रेंडरर एकाच फेरीत सगळे पास देतो, त्यामुळे हा शब्द वापरला तर विद्यार्थी दहा वेळा रेंडर लावतील.

प्रतिसाद: 'घटक' पटलं, पण सरसकट नको. झेड-डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचं अंतर), ऑब्जेक्ट आयडी आणि क्रिप्टोमॅट (कुठे कोणती वस्तू आहे) यांची बेरीज होत नाही. त्यात प्रकाश नसून माहिती असते. झेड-डेप्थवरून धुकं किंवा फोकस धरायचा, क्रिप्टोमॅटवरून मास्क (हवा तेवढाच भाग निवडणारा साचा) काढायचा. साध्या आयडी पासमध्ये पानांच्या, रेलिंगच्या कडा दातेरी येतात. क्रिप्टोमॅट एका पिक्सेलमध्ये कोणती वस्तू किती आहे ते साठवतं, म्हणून तिथे कडा स्वच्छ मिळतात. यांना 'साहाय्यक पास' म्हणावं.

ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतली सावली दाखवणारा पास) यांतच धरा. तो मल्टिप्लाय (गुणाकार) मोडवर टाकायची सवय फार पसरली आहे, पण जीआय (ग्लोबल इल्युमिनेशन, म्हणजे भिंतींवरून परावर्तित होणारा प्रकाशही मोजणं) असलेल्या रेंडरमध्ये कोपऱ्यांतला अंधार आधीच आलेला असतो. वरून पुन्हा गुणाकार केला की थेट उन्हातले कोपरेही काळवंडतात. टाकायचाच तर अगदी हलका, आणि ऊन लागलेला भाग मास्कने वगळून.

प्रश्नकर्ता: म्हणजे 'प्रकाशघटक' आणि 'साहाय्यक पास' असे दोन शब्द. कॉम्पोझिटिंगचं राहिलं.

प्रतिसाद: 'जुळणी' चालेल. छापखान्यातल्या कंपोझिंगला अक्षरजुळणी म्हणतातच, आणि 'घटकांची जुळणी' वाचायलाही सहज आहे. 'संमिश्रण' मात्र टाळा. ब्लेंडिंगसाठी तो लागेल. शीर्षकात एकदा 'कॉम्पोझिटिंग' लिहा, कारण सॉफ्टवेअरच्या मेनूत विद्यार्थी तेच शोधणार. आणि 'पास' हा शब्द काढून टाकू नका, 'रिफ्लेक्शनचा पास काढलास का?' असंच सगळे विचारतात.