थेट पाईपलाईन आली, म्हणजे पुरातलं पिण्याचं पाणी सुरक्षित झालं का?

दुधाळीकर
पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडं कोल्हापुरात एक वाक्य ऐकू येतं : आता काळम्मावाडीचं पाणी आहे, पुराची काळजी नको. मला हे पटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी शहरात आलं, त्याचा आनंद मलाही आहे. पण धरणातून आलेलं स्वच्छ पाणी शेवटी आपल्या गल्लीतल्या जुन्याच नळातून येतं. पुरात ही लाईन गटारीच्या आणि मैल्याच्या पाण्यात बुडालेली असते. पुरवठा चालू असेपर्यंत आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पुरवठा बंद झाला की लाईन रिकामी होते आणि गळक्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पूर ओसरल्यावर पहिल्यांदा येणारं पाणी म्हणूनच मला सगळ्यात घातक वाटतं. माझी मागणी एवढीच : बुडालेल्या प्रत्येक भागात लाईन धुऊन, नळाच्या टोकाला क्लोरिन तपासून मगच पाणी पिण्यायोग्य म्हणून जाहीर करावं.

पाचगाव_रोड
तुम्ही मूळ दुखणं सोडून भलतीकडं बोट दाखवताय. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फूट. नदीतून शहराला पाणी देणारी शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि सगळं शहर टँकरमागं धावलं. आमच्या भागात पुराचा थेंब नव्हता, तरी घागरी घेऊन रांगेत उभं राहिलो. तो टँकर कुठल्या विहिरीवर भरला, हे विचारायचं भानही कुणाला नव्हतं. पाणीच नसतं तेव्हा माणूस मिळेल ते पितो. थेट पाईपलाईनमुळं ती वेळ टळणार असेल, तर निम्म्याहून जास्त प्रश्न तिथंच सुटला. घरोघरच्या नळाची तपासणी करायला माणसं आणणार कुठून?

दुधाळीकर
धरणावरसुद्धा पाणी पंपानंच उचलावं लागतं. पुरात वीज गेली की उपसा थांबला आणि लाईन पुन्हा रिकामी. आणि घरोघर कोण म्हणतंय? बुडालेल्या गल्लीत लाईनच्या टोकाचे दोन-तीन नळ बघितले तरी अंदाज येतो. क्लोरिनची तपासणी मिनिटाचं काम आहे.

कृष्णाकाठची
शहराचं चाललंय ते चालू दे, आमच्या शिरोळ तालुक्याकडंही बघा. कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिवारात आठवडाभर बसतं. विहिरी काठोकाठ भरून नदीशी एक होतात. ओसरल्यावर ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, पण ज्या पद्धतीनं टाकते त्याला माझा विरोध आहे. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे माप नितळ पाण्याचं. गढूळ पाण्यात माती आणि कुजका पाला निम्मं क्लोरिन खाऊन टाकतो, जंतू तसेच राहतात. त्यात पावडर उघड्या पोत्यात पडून दमट झालेली असेल तर तिच्यात जोरच नसतो. आधी विहीर उपसा, गाळ काढा, पाणी निवळू द्या, मग टीसीएल. अर्धा-एक तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का याची तपासणी, करा. पिवळा रंग आला नाही तर मात्रा पुन्हा द्या. गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या जलसुरक्षकाला हे सगळं ठाऊक असतं. पण पुराच्या धांदलीत त्याच्यावर दहा कामं पडतात, आणि रजिस्टरमध्ये मात्र "टीसीएल टाकले" एवढीच ओळ राहते.

बोअरवाला_भाऊ
म्हणून बोअर बरी की ताई. दोनशे फुटांवर पुराचं पाणी पोचत नाही.

कृष्णाकाठची
दादा, केसिंगचं (बोअरमध्ये बसवलेल्या पाईपचं) तोंड पाण्याखाली गेलं, किंवा केसिंगच्या बाहेरून सिमेंट नीट नसलं, की वरचं पाणी थेट खाली उतरतं. खोलीवर भरवसा ठेवू नका. आधी भरपूर उपसा, टीसीएल द्या, पाणी तपासून घ्या. तोवर उकळूनच प्या.

इचलकरंजी_गावभाग
माझा या सगळ्या चर्चेलाच आक्षेप आहे. आमच्याकडं २०१२ ला काविळीची साथ आली, माणसं गेली. तेव्हा पूर नव्हता, उन्हाळा होता. पंचगंगेत सांडपाणी वर्षभर येतं. कोल्हापुरातला जयंती नाला काय फक्त जुलैत वाहतो? पुरात निदान पाणी भरपूर असतं, घाण पातळ होते. पुराच्या नावानं बोंब मारली की बारा महिने सांडपाणी सोडणारे सुटतात.

दुधाळीकर
सांडपाण्याबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. "पातळ होते" हे मात्र मान्य नाही. एरवी नाल्यात असलेला मैला पुरात घराच्या उंबऱ्यापर्यंत, विहिरीत, जमिनीखालच्या टाकीत येतो. आणि तुमच्याकडची साथ हिपॅटायटिस ई ची होती. हा विषाणू पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी कावीळ दिसते. ऑगस्टात प्यालेल्या पाण्याचा त्रास सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, तोवर आरोग्य पथकं परतलेली असतात. गरोदर बायकांच्या तर हा आजार जिवावर बेततो.

इचलकरंजी_गावभाग
हे जिवावर बेतणं आम्ही जवळून बघितलंय. म्हणूनच म्हणतो, तपासणी पुरापुरती नको. वर्षभर, दर आठवड्याला करा.

पाचगाव_रोड
दर आठवड्याला शहरभर जमेल असं मला अजूनही वाटत नाही. पण पूर ओसरल्यावर बुडालेल्या भागात महिनाभर रोज तपासणी, हे जमण्यासारखं आहे. आणि टँकरवर तो कुठं भरला, क्लोरिन किती, हे खडूनं का होईना, लिहिलेलं असावं. याचा अर्ज वॉर्ड ऑफिसला आत्ताच, मे महिन्यात द्यायला हवा. दुधाळीकर, मसुदा तुम्ही करा, आमच्या भागातल्या सह्या मी गोळा करतो.

कृष्णाकाठची
मसुदा इथंच टाका. ग्रामसभेत आम्हालाही मांडता येईल.