कॅल्बिंडिन प्रॉक्सिमल नलिकेत नाही

कॅल्बिंडिन (इथे कॅल्बिंडिन-डी२८के) हे पेशीत कॅल्शियम वाहून नेणारं प्रथिन मूत्रपिंडात नेमकं कुठे असतं? ‘सर्वाधिक कॅल्शियम मूत्रपिंडातल्या प्रॉक्सिमल, म्हणजे सुरुवातीच्या नलिकेत परत शोषलं जातं, म्हणजे कॅल्बिंडिनही तिथेच असणार’ हा तर्क पटण्यासारखा आहे, पण चुकीचा आहे. तिथलं कॅल्शियम मुख्यतः पेशींच्या मधल्या फटींतून जातं; त्याला वाहक प्रथिनाची गरजच पडत नाही. कॅल्बिंडिन-डी२८के सापडतं ते पुढे, डिस्टल (दूरच्या) नलिकेच्या शेवटच्या भागात आणि तिच्यानंतरच्या कनेक्टिंग नलिकेत. इथे कॅल्शियमला पेशीच्या आतूनच जावं लागतं : वरच्या, म्हणजे मूत्राच्या बाजूच्या पटलातल्या टीआरपीव्ही५ या कॅल्शियम-मार्गातून आत, मग रक्ताच्या बाजूच्या एनसीएक्स१ या सोडियम-कॅल्शियम अदलाबदल करणाऱ्या प्रथिनावाटे आणि पीएमसीए या कॅल्शियम पंपावाटे बाहेर. मधला प्रवास कॅल्बिंडिनसोबत. त्यामुळे ते पटलावर नाही, पेशीद्रवात असतं.

अजून एक गोष्ट. या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी वापरून रंगवलेली स्लाइड पाहिलीत तर कनेक्टिंग नलिकेत सलग तपकिरी पट्टा दिसत नाही; रंगलेल्या पेशींमध्ये अधूनमधून कोऱ्या पेशी दिसतात. नवख्याला वाटतं स्टेनिंग बिघडलं. त्या इंटरकॅलेटेड पेशी असतात, आम्ल-अल्कली सांभाळणाऱ्या, आणि त्यांच्यात कॅल्बिंडिन नसतंच. उलट सगळ्याच पेशी सारख्या रंगल्या तर मी आधी अँटिबॉडीवर संशय घेईन.